तीन वह्यांतली धोंडी

एका राज्यात राजा एक होता आणि वह्या तीन होत्या. जन्माची वही जोशीबुवांकडे, घरांची पाटलांकडे, राजाच्या कोठीतून मिळणाऱ्या दूधदाण्याची कोठारीबुवांकडे. तिन्ही वह्या तीन रुमालांत घट्ट बांधलेल्या. एकाची वही दुसऱ्याने बघायची नाही, हा तिघांचा हट्ट. त्यामुळे एकच माणूस तीनदा लिहिला जाई, आणि तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिला जाई. राजाला वाटे, वह्या तीन म्हणजे व्यवस्था तिप्पट.

त्याच राज्यात कुहकनाथ नावाचा मांत्रिक होता. त्याची बायको आजारी पडली. वैद्याने सांगितलं, राजाच्या कोठीतलं औषध आण. कोठारी म्हणाले, "माझ्या वहीत तुझी बायको नाही. पाटलांकडे जा." पाटील म्हणाले, "आहे, पण नाव वेगळं आहे. जोशांकडे जा." जोशी म्हणाले, "माझ्याकडे ती अजून जन्मलीच नाही." तीन दिवस तो या ओट्यावरून त्या ओट्यावर फिरला. चौथ्या दिवशी औषधाचं काम उरलं नाही.

तेव्हा तो चव्हाट्यावर उभा राहिला आणि बोलला, "जे तीन तऱ्हांनी लिहाल, ते तिघांत वाटलं जाईल." एवढं बोलून त्याने राज्याचं जुनं शिसवी फडताळ उचललं. हे फडताळ पूर्वजांचं, खणाखणांचं; वह्या होण्याआधी साऱ्या नोंदी यातच राहत. त्याची राखण एक भारद्वाज पक्षी करी. पक्ष्यासकट फडताळ घेऊन तो डोंगरावर जाऊन बसला.

शाप लागला. मोठी माणसं पातळ झाली. चार पावलांत दम लागे, घागर उचलवेना. पण मोठ्यांचं निभावलं. तान्ह्यांना पातळ व्हायला मुळात अंग किती असणार?

नदीच्या घाटावर सुभागी परटीण राहत होती. तिची दोन लेकरं बारशाच्या आधीच गेली होती. तिसरी मुलगी झाली. जोशीबुवांनी नक्षत्र बघून लिहिलं लावण्यवती. आत्याने, म्हणजे सुभागीच्या नणंदेने, आवडाबाईने, पाळण्यात वाकून कानात कुर्र केलं आणि पाटलांना नाव सांगितलं मंजुळा. सुभागीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. एवढी चांगली नावं कुणी ऐकली तर? कुणाची नजर लागली तर? ती एकटीच कोठीवर गेली आणि म्हणाली, "धोंडी लिहा, बुवा. धोंडा कोण उचलून नेतंय?"

आणि धोंडी हलकी होऊ लागली.

सुभागी कपडे आपटता आपटता धावत येई, ओल्या हातांनी पोरीला उचलून बघे. पुन्हा घाटावर जाई. एक पिळा पिळून होत नाही तोच पुन्हा येई. काल पोर शेरभर तरी लागत होती. आज सुपातल्या लाह्यांएवढी.

"अगं सुभागे, उचलून उचलून झिजवलीस पोर," आवडाबाई म्हणाली. "जरा निजू दे तिला."

"वन्सं, तिची सावली बघा."

"सावलीत काय बघायचं?"

"मोजा."

आवडाबाईने मोजलं. एका पोरीच्या तीन सावल्या पडल्या होत्या, तीन दिशांना तीन. एक जोशांच्या ओट्याकडे, एक पाटलांच्या वाटेवर, एक कोठीकडे.

"नावं किती ठेवली आपण हिला?" सुभागी म्हणाली.

सुभागीने पोरीला पाठीशी बांधलं आणि डोंगराची वाट धरली.

कुहकनाथ गुहेच्या तोंडाशी बसला होता. म्हणाला, "वाटणी मोडायची तर तीन कामं आहेत. पहिलं हे की तिन्ही वह्या इथे आण. कोणी त्या देत नाही. चारजण हे ऐकून परत गेले."

"मी परत जायला नाही आले," सुभागी म्हणाली, पण परतच गेली. जोशांच्या ओट्यावर उभी राहून म्हणाली, "बुवा, पाटलांनी आणि कोठारीबुवांनी वह्यांचे रुमाल धुवायला दिले. तुमचाच तेवढा काळा राहिला."

जोशीबुवांनी रुमाल सोडला. "कागद कुठे ठेवू? वाऱ्याने उडतील. कुणाच्या नजरेस पडतील."

"कागदांसकट द्या. मला कुठं वाचता येतं?"

पाटलांनाही हेच सांगितलं, कोठारीबुवांनाही हेच. तिघांनी एकमेकांवर कुरघोडी करत गाठोडी दिली. कोठारीबुवांनी तर वर बजावलं, "माझा आधी धू!"

तिन्ही गाठोडी फडताळापुढे पडली. वरून भारद्वाजाने लाल डोळा फिरवला. म्हणाला, "मी वाचून दाखवतो. पण ओळ कोणाची ते ओळखायचं कसं? एक खूण सांग. सगळ्यांना असावी, दोघांना एक नसावी, जन्मात बदलू नये. हे दुसरं काम."

"नाव," सुभागी म्हणाली.

"तुमच्या गावात गंगू सात आहेत."

पाठीवरची झोळी सैल झाली. पोर आणखी हलकी झाली होती. सुभागी घाईने म्हणाली, "जन्माची घटका!"

"जुळी होतात."

"घर! घर तर एकच असतं."

"लेकी सासरी जातात."

झोळी आणखी सैल झाली. सुभागीचा हात कमरेच्या पिशवीवर घट्ट आवळला. पिशवीत बिब्बे होते. हाताला टणक लागले आणि ती थांबली.

"आमच्या घाटावर कपड्याला नाव विचारत नाहीत," ती हळूच म्हणाली. "साऱ्या गावची धोतरं सारखीच. आम्ही कोपऱ्यात बिब्ब्याची खूण करतो. या घराला दोन ठिपके नि रेघ, त्या घराला फुली. धुतली तरी जात नाही. खुणेला अर्थ काहीसुद्धा नसतो, बघा. म्हणूनच ती बदलावी लागत नाही. घर उठून गेलं तरी त्यांची खूण आम्ही दुसऱ्याला देत नाही."

"मग?"

"खूण माणसात शोधायची नाही. माणसाला द्यायची."

भारद्वाजाने पंख झटकले. फडताळाची कडी आपोआप निघाली.

मग तो वाचत गेला, एकेक ओळ चिठ्ठीवर उतरवत गेला आणि ती खुणा करत गेली. माणसं एका खणात. घरं दुसऱ्या खणात. दूधदाणा तिसऱ्यात. पण दूधदाण्याच्या चिठ्ठीवर तिने नाव लिहू दिलं नाही, फक्त माणसाची खूण केली.

"नाव का नको?" भारद्वाजाने विचारलं.

"ते पहिल्या खणात आहे ना! दोन ठिकाणी लिहिलं की एक धुतलेलं राहतं नि एक मळकं. मग खरं कुठलं? खूण बघायची नि त्या खणात जाऊन नाव बघायचं."

"आणि घर बदललं तर किती ठिकाणी खोडशील?"

"एका."

कुहकनाथ गुहेच्या तोंडाशी उठून उभा राहिला होता.

"तिसरं काम," भारद्वाज म्हणाला. "आता या खणांना कोणी हात लावायचा नाही. मला विचारायचं. विचार."

"माझं लेकरू वाचवा!"

पक्ष्याने चोच पिसांत खुपसली.

"अहो, माझी पोर कुठाय यातली?"

"मी मन वाचत नाही, बाई. चिठ्ठी वाचतो. काय हवं, कुठल्या खणातून, कोणती अट. तेवढंच बोल."

सुभागीने श्वास घेतला. पाठीवर आता काही आहे की नाही तेच कळत नव्हतं. "खुणा हव्यात. माणसांच्या खणातून. ज्यांची आई घाटावरची सुभागी."

"पाच," भारद्वाज म्हणाला.

"पाच कशा? तीन असतील!"

"तीन या श्रावणातल्या. दोन आधीच्या. त्यांचा जन्म लिहिला, जाणं कोणीच लिहिलं नाही. नावाचा रकाना कोरा आहे. त्या दोन ओळी पुसू?"

सुभागीने हात आडवा केला. मग ती म्हणाली, "नका पुसू. नाव नसलं म्हणून काय झालं? खूण त्यांची त्यांनाच राहू द्या. गेल्याचं लिहा." पाठीवरच्या झोळीला हात लावून म्हणाली, "बारशाच्या आधी, असं लिहा."

भारद्वाजाने तसं लिहिलं.

"आता श्रावणातल्या तीन. एक ठेवायची आणि दोन पुसायच्या. कुठल्या पुसू?"

पुसायच्या! जोशांच्या ओळीत पोरीचा जन्म होता. पाटलांच्या ओळीत घर होतं. कोठीच्या ओळीत दूध होतं. कुठलीही पुसली तरी पोरीचा तिसरा हिस्सा जाणार.

"आधी ओता," ती ओरडली. "तिन्हींतलं सगळं एका ओळीत ओता. सगळं उतरलं की मगच बाकीची भांडी उपडी करा. आणि मध्येच अडलं तर काहीच झालं नाही असं धरा, सगळं होतं तसं राहू द्या."

इतक्यात डोंगर चढून तिघे बुवा धापा टाकत आले. "माझी वही!" "आधी माझ्या वहीतलं नाव!" "माझ्या सहीशिवाय अक्षर हलायचं नाही!" तिघांनी एकदमच फडताळात हात घातले.

"थांबा!" भारद्वाजाचा आवाज सबंध डोंगरावर घुमला. "एक काम चालू असताना त्या ओळीला दुसरा हात नाही. रांगेत उभे राहा."

तिघे रांगेत उभे राहिले, कारण त्यांना दुसरं काही करताच येईना.

"नावाच्या रकान्यात एकच नाव मावतं," भारद्वाज म्हणाला. "कुठलं?"

सुभागी काय म्हणते ते बुवा ऐकत होते, मांत्रिक ऐकत होता, सारा डोंगर ऐकत होता. तिने पदर सावरला आणि मोठ्याने सांगितलं, "मंजुळा."

ओळ भरली. दोन ओळी रित्या झाल्या, मग पुसल्या. पाठीवरची झोळी कचकन ताणली गेली आणि एक खणखणीत रडणं ऐकू आलं. सुभागी भाराने पुढे वाकली, गुडघ्यांवर आली आणि तशीच, गुडघ्यांवरच, हसू लागली.

कुहकनाथ पुढे आला. फडताळाकडे बघत म्हणाला, "एक ओळ माझ्या बायकोचीही घाल. ती कुठल्याच वहीत धड नव्हती."

"नाव?" भारद्वाजाने विचारलं.

"शेवंती. बाकीचं मी सांगतो. सगळं सांगतो." सुभागीने बिब्बा त्याच्या हातात दिला. त्याने खूण स्वतः केली. त्याच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच सांडलं, आणि खूण गेली नाही. तिन्ही कामं झाली, वाटणी मोडली, आणि खाली राज्यातल्या माणसांच्या अंगी भार आला, पायाशी एकेकच सावली उरली.

राजाने फडताळ राजवाड्याच्या दारी ठेवलं. भारद्वाज त्यावर बसला. जोशी, पाटील आणि कोठारी आता त्याला विचारून लिहितात, आणि विचारताना काय हवं, कुठल्या खणातून, कोणती अट, एवढंच बोलतात. कोठारीबुवांना अजून रांग आवडत नाही. तरी उभे राहतात.

मंजुळेला तिची ओळ मिळाली, शेवंतीला तिची मिळाली, बारशाआधी गेलेल्या दोघांना त्यांची मिळाली. ऐकणाऱ्या बायांनो, बाप्यांनो, तुमच्या लेकरांच्या अंगी भार राहो, आणि ज्याची ओळ त्याला मिळो.