मुंग्यांचे यजमान

येसू घाडीच्या परसातले वालाचे वेल असे लगडले होते, की येणारा-जाणारा थबकून बघायचा. पण शेजारचे धोंडोपंत खोत पुण्य लाभावं म्हणून रोज मुंग्यांना साखर घालत, तीही स्वतःचं अंगण सोडून येसूच्या कुंपणापाशी. साखर संपली की मुंग्या वेलांवर चढायच्या. मागोमाग माव्याची कीड आली आणि शेंगा आखडल्या. येसूने चुलीतली राख आणली, तसे खोत गरजले, "खबरदार! मुंग्या माझ्या पाहुण्या आहेत. राख टाकलीस तर गावकीपुढे उभी करीन!"

"बरं," म्हणून येसू आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून खोतांची पाठ वळली, की ती साखर पानावर उचलायची आणि त्यांच्याच मागल्या दाराच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची.

आठवड्याभरात खोत अंग खाजवत, पगडी झटकत आले. "काय गो, साखर माझ्या दारात तूच ठेवतेस ना?"

"हो तर! पाहुण्या तुमच्या, मग पंगत माझ्या दारी कशाला?"

मानेवरची मुंगी चिमटीत धरून खोत हळूच म्हणाले, "थोडी राख मिळेल का?"

"टोपलीभर आहे," येसू म्हणाली. "पण पाहुण्यांवर टाकायची, तर आधी गावकीला विचारून येता का?"