माती दार उघडीना

हौसाकाकूंचे शेत होते. शेतात माती होती. मातीत एक घर होते. घरात एक आई होती आणि तिचे पिल्लू होते. आई गांडूळ. पिल्लूही गांडूळ. पिल्लाचे नाव वळवळ्या.

एकदा सर आली. टप टप टप!

"आई, मी बाहेर जाऊ?"

"जा. पण ऊन तापण्याआधी परत ये."

वळवळ्या बाहेर आला. सुळुक सुळुक! इकडे गेला. तिकडे गेला. थेंबाशी खेळला. खेळता खेळता आईचे शब्द विसरला.

ऊन तापले. माती वाळली. कट्ट! दार बंद झाले.

आई आत. वळवळ्या बाहेर.

वळवळ्याने दार ठोठावले. टक टक टक!

"माती, माती, दार उघड! मला आईकडे जायचे आहे."

माती म्हणाली, "नाही उघडणार. माझ्या अंगावर काडी नाही. पान नाही. उन्हाने भाजून माझा दगड झाला. आधी चवळीने मला पांघरूण घालावे. मग मी दार उघडीन."

वळवळ्या निघाला. सावलीसावलीने निघाला. सुळुक सुळुक!

बांधावर चवळीची वेल होती. तिच्या शेंगा वाजत होत्या. खुळ खुळ खुळ!

"चवळीताई, चवळीताई! माती दार उघडीना, मी आईकडे जाऊ कसा? तू मातीला पांघरूण घाल!"

चवळी म्हणाली, "घालीन की! पण उपाशी मातीत माझे बी रुजत नाही. आधी मेंढीने शेतात लेंड्या टाकाव्या. मग मी पांघरूण घालीन."

वळवळ्या निघाला. सुळुक सुळुक!

माळावर मेंढी चरत होती. कुरुम कुरुम!

"मेंढीमावशी, मेंढीमावशी! चवळी पांघरूण घालीना, माती दार उघडीना, मी आईकडे जाऊ कसा? तू शेतात लेंड्या टाक!"

मेंढी म्हणाली, "ब्यां! लेंड्यांना काय तोटा! पण मी हाकेवर चालते. भलतीकडे जात नाही. आधी मायाप्पाने हाक द्यावी. मग मी लेंड्या टाकीन."

वळवळ्या निघाला. सुळुक सुळुक!

झाडाखाली मायाप्पा मेंढपाळ उभा होता. खांद्यावर घोंगडी. हातात काठी.

"मायाप्पाकाका, मायाप्पाकाका! मेंढी लेंड्या टाकीना, चवळी पांघरूण घालीना, माती दार उघडीना, मी आईकडे जाऊ कसा? तुम्ही मेंढ्यांना हाक द्या!"

मायाप्पा म्हणाला, "बाळा, बोलावल्याशिवाय मी कुणाच्या शेतात पाऊल ठेवत नाही. माझ्या बापाने ठेवले नाही. मीही ठेवणार नाही. आधी हौसाकाकूंनी बोलवावे. मग मी हाक देईन."

वळवळ्या निघाला. सुळुक सुळुक!

हौसाकाकू अंगण झाडत होत्या. खर्र खर्र! खर्र खर्र!

"काकू, काकू! मायाप्पा हाक देईना, मेंढी लेंड्या टाकीना, चवळी पांघरूण घालीना, माती दार उघडीना, मी आईकडे जाऊ कसा? तुम्ही मेंढ्यांना बोलवा!"

"अगं बाई! मेंढ्या? माझ्या शेतात?" काकूंनी केरसुणी उगारली. "मी धसकटे जाळली. काडी काडी वेचली. शेत कसे आरशासारखे ठेवले. तिथे लेंड्या?"

मग काकू हळूच म्हणाल्या, "आणि मला सुचते आहे कुठे! माझी तुळस बघ. रोज पाणी घालते. रोज हात जोडते. तरी मान टाकून बसली आहे. आधी तुळशीने मान वर करावी. मग मी मेंढ्यांना बोलवीन."

वळवळ्या दमला होता. तरी निघाला. सुळुक... सुळुक...

अंगणाच्या मधोमध तुळस होती. पाने कोमेजली होती.

"तुळसामाय, तुळसामाय! काकू बोलवीनात, मायाप्पा हाक देईना, मेंढी लेंड्या टाकीना, चवळी पांघरूण घालीना, माती दार उघडीना, मी आईकडे जाऊ कसा? तू मान वर कर!"

तुळस म्हणाली, "करीन रे बाळा. पण माझी माती ओली असून घट्ट बसली आहे. मुळांना श्वास नाही. आधी कुणीतरी ती भुसभुशीत करावी."

"कुणी करावी?"

"जो करील त्याने."

वळवळ्या थांबला. मग एकदम उभाच राहिला!

"अगं माय, हे तर माझेच काम!"

माती म्हणाली होती, आधी. चवळी म्हणाली होती, आधी. मेंढी, मायाप्पा, काकू, सारे म्हणाले होते, आधी. वळवळ्या म्हणाला नाही. त्याने देवाचे नाव घेतले. डोके मातीत घातले.

पुढे ढकल, मागे ओढ! पुढे ढकल, मागे ओढ!

माती हलली. माती फुगली. पाणी खाली गेले. डुब डुब डुब! मुळांना श्वास मिळाला.

आणि सकाळी काय झाले? तुळशीने मान वर केली!

"तू गुणी आहेस," तुळस म्हणाली. "इथेच राहा."

"नको, माय. माझी आई वाट पाहते आहे."

हौसाकाकू पाणी घालायला आल्या. "अगं बाई! माझी तुळस उभी राहिली!" त्यांनी मातीत बोट घातले. बोट आत गेले. सुर्रकन!

"हे कुणी केले?"

"मी केले, काकू!"

"तू? एवढास्सा? मग माझ्या शेतात का नाही करत?"

"करीन की! पण दार बंद आहे. तुम्ही मातीचे पांघरूण जाळलेत. माझी आई आत आहे."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. अंगणातली केरसुणी कोपऱ्यात ठेवली. तुळशीला हात जोडले.

"देवाने दिलेली माती मी उघडी टाकली. चुकले माझे."

मायाप्पाच्या मानासाठी काकूंनी नारळ घेतला. सुपात ज्वारी घेतली. भराभरा माळावर गेल्या.

"मायाप्पादादा, चला! माझ्या शेतात मेंढ्या बसवा."

मायाप्पा हसला. "वहिनी, काल केरसुणी उगारलीत म्हणे!"

"काल मला अक्कल नव्हती. आज आली आहे. चला!"

काकूंनी बोलावले! मायाप्पाने कपाळाला भंडारा लावला. जोरात हाक दिली. "हुर्र्र! हुर्र्र! चला गं!"

मायाप्पाने हाक दिली! मेंढ्या धावल्या. दुडुदुडु दुडुदुडु! ब्यां ब्यां ब्यां! सगळे शेत मेंढ्यांनी भरले. त्यांनी लेंड्या टाकल्या. पट पट पट पट! इथे पट! तिथे पट! काकूंच्या पायापाशी पट!

"टाका गं, टाका!" काकू म्हणाल्या.

मेंढ्यांनी लेंड्या टाकल्या! चवळीच्या शेंगा फुटल्या. फट्ट! फट्ट! काकूंनी देवाचे नाव घेऊन बी पेरले. सर आली. टप टप टप! चवळी उगवली. पसरली. पानाला पान लागले. चवळीने पांघरूण घातले!

काकूंनी पुन्हा बोलावले. मायाप्पा पुन्हा आला. मेंढ्यांनी चवळीचे शेंडे खाल्ले. कुरुम कुरुम! थोडे खाल्ले. थोडे तुडवले. पुष्कळ ठेवले. पांघरूण आणखी मऊ झाले.

वळवळ्या रोज तुळशीच्या मातीतून येई आणि विचारी, "माती, उघडतेस का?"

"अजून नाही."

"माती, उघडतेस का?"

"अजून नाही."

आणि एका सकाळी माती गार झाली. माती मऊ झाली. चवळीखालून म्हणाली, "ये."

माती दार उघडते आहे! काकू वाकून पाहतात. मायाप्पा वाकून पाहतो. मेंढीही वाकून पाहते. वळवळ्या आत गेला. सुळुक सुळुक सुळुक!

"आई! आई! मी आलो!"

आईने त्याला कुशीत घेतले. घट्ट घेतले.

"उशीर झाला," ती म्हणाली.

"झाला, आई. पुन्हा नाही होणार."

हौसाकाकू अजूनही रोज झाडतात. खर्र खर्र! पण अंगण झाडतात. शेत झाकतात.

माती झाकली, दार उघडले. गोष्ट आत गेली, आईपाशी निजली.