आठ मोडलेल्या सुऱ्या

एका राज्यात पाखरं माणसांशी बोलत, विहिरी हाक मारली की ओ देत, आणि पोलाद म्हणे कधीच मोडत नसे. पाखरांचं खरं होतं, विहिरींचंही खरं होतं. पोलादाचं तेवढं खोटं होतं. पण तसं म्हणायची सोय नव्हती, कारण राजा सुकेतूच्या आजोबांनी त्याचा कायदाच करून ठेवला होता.

झालं होतं ते असं. कंटकनाथ नावाचा मांत्रिक त्या आजोबांच्या दरबारात आला होता. आजोबा बढाई मारायला बसले, की आमच्या लोहारांची पाती मोडत नाहीत. मांत्रिकानं एवढंच विचारलं, "मोडून पाहिलीत?" राजाला राग आला. त्यानं तिथल्या तिथे फर्मान काढलं, की पातं म्हणजे लोहाराची लेक. जो आपल्या हातानं पातं मोडील, त्याची ऐरण डोहात टाकावी. मांत्रिक हसला नाही की चिडला नाही. त्यानं जटेतून एक काटा काढला आणि सगळ्या राज्याला पाणी देणाऱ्या झऱ्याच्या मुखाशी रोवला. "ज्याला आपल्या पात्याची हद्द ठाऊक नाही, त्याच्यानं हा तुटायचा नाही," असं म्हणून तो झऱ्याच्या पाण्यावरून चालत निघून गेला.

काट्याची वेल झाली. काळी, लोखंडाची, मनगटाएवढ्या फांद्यांची. सुकेतूच्या काळापर्यंत तिनं झऱ्याचा गळा असा आवळला, की पाणी थेंबाथेंबानं पडू लागलं. तोडायला जो जाई, त्याची सुरी बुडख्यात शिरून मोडे. सुरी मोडली की वेल त्याच्या कमरेला विळखा घाली आणि तो माणूस जागच्या जागी लाकडाचा होई. डोळे मिटलेले, पण छातीवर हात ठेवला तर आत ठोका लागे. माणसागणिक वेल एक हात वाढे. असे सत्तावीस जण त्या वेलीत उभे होते.

सत्ताविसावा होता हैबती लोहार. त्याच्या सुरीला पाणी दिलं होतं त्याच्या बायकोनं, साळूनं. त्या घरात भाता आणि घण हैबतीचा, पण पाणी देणं साळूचं. लालबुंद पातं नेमक्या घटकेला बुडवून कणखर करायचं काम तिच्याइतकं कुणाला साधत नाही, असं सगळी आळी म्हणे. त्या दिवशी पातं बुडवताना तिला बारीकसा आवाज आला होता. तिच्या मनात पाल चुकचुकली. पण मोडून बघायची बंदी, आणि राजपारखी भानुशंकरांनी रीतीप्रमाणे सुरी पारखली. नखानं वाजवली, तिचा नाद ऐकला, रेशमी रुमाल वर उडवला. सुरीवर पडून रुमालाचे दोन तुकडे झाले. पारख्यांनी पात्याला कुंकू लावलं आणि साळू गप्प बसली. ती एका घटकेची चुप्पी तिला तीन वर्षं जाळत होती.

ती रोज सकाळी झऱ्यावर जाई आणि नवऱ्याच्या लाकडी छातीवर हात ठेवी. एका सकाळी तिनं मोजलं. तिच्या दहा ठोक्यांना त्याचा एक पडत होता. महिन्यापूर्वी सहाला एक पडत असे. हिशोब कळायला शहाणपण लागत नाही. साळू तिथेच खाली बसली आणि रडली.

"रडून लाकूड मऊ होत नाही, बाई," वेलीवरून आवाज आला. एक म्हातारा सुतारपक्षी बसला होता. चोच झिजून बोथट झालेली, तुरा विरळ झालेला.

"मग कशानं होतं, बाबा?"

"ते मला ठाऊक नाही. पण ही वेल मी जन्मभर ठोकून पाहिली आहे. हिचा बुडखा तीन पदरी आहे. पहिला पदर साल, ती गारगोटीसारखी कठीण. मऊ धार तिच्यावर मुडपते. दुसरा पदर तंतू, ते पात्याला आडवं पिळतात. तिसरा गाभा. तो आतून धडका देतो, एकवीस धडका, आणि मग थांबतो. रेशीम या तिन्हींत कुठेच नाही."

साळू उठली ती थेट दरबारात गेली. तिनं राजाकडे तीन गोष्टी मागितल्या. आकाशातून पडलेला जो पोलादाचा गोळा खजिन्यात जपून ठेवला होता, तो. पाती मोडायची मोकळीक. आणि मोडताना सगळ्या दरबारानं पाहावं, ही तिसरी. दरबारात कुजबुज झाली. भानुशंकर उठून म्हणाले, की गोळा एकच आहे, त्याच्या नऊ सुऱ्या होतील, आणि ही बाई त्या मोडायला मागते आहे. माणूस वाईट नव्हता. जन्मभर रेशीम कापून पाहिलं, त्याला दुसरं काही सुचत नव्हतं, इतकंच.

राजा सुकेतूनं विचारलं, "आणि शेवटी तुझीही सुरी मोडली तर?"

"तर अठ्ठाविसावी मी, महाराज."

राजानं खजिन्याची किल्ली मागवली.

झऱ्याकाठच्या माळावर साळूनं भट्टी मांडली. दरबार सावलीला बसला, पक्षी ऐरणीजवळ बसला. तो गोळा तापला तेव्हा त्यातून निळा उजेड निघाला आणि माळावरच्या प्रत्येक माणसाच्या दोन दोन सावल्या पडल्या. साळूनं त्याच्या नऊ सुऱ्या घडवल्या, एका मापाच्या, एका जाडीच्या, आणि त्यांचे तीन वाटे केले.

पहिल्या तीन सुऱ्या तिनं लाल करून विहिरीच्या थंड पाण्यात बुडवल्या. गारगोटीवर घाव घातले तर गारगोटी फुटली, धार तशीच. लोकांनी माना डोलावल्या. मग तिनं बाभळीच्या ओंडक्याच्या फटीत पातं घालून आडवं पिळलं, आणि पापड मोडावा तशी सुरी मोडली. दरबार हळहळला. तिनं दुसरी घातली, तीही मोडली. तिसरी घालणार तर भानुशंकर म्हणाले, की बाई, दोन मोडल्या तेवढ्यानं पोट भरलं नाही का? साळू म्हणाली, एक मोडली तर दोष तेवढ्या पात्याचा असेल, दोन मोडल्या तर योगायोग असेल. तिन्ही मोडल्या तर दोष माझ्या पाणी देण्याचा. तिसरीही मोडली. साळूनं मोडलेली कड उन्हात धरली. आत साखरेसारखा जाड रवा चमकत होता. हैबतीच्या सुरीलाही तिनं असंच पाणी दिलं होतं. तीन वर्षं जे नुसतं वाटत होतं, ते आता तिच्या तळहातावर होतं.

दुसऱ्या तीन सुऱ्या तिनं निखाऱ्यात ठेवून पुष्कळ वेळ हळूहळू निवू दिल्या. त्या फटीत हव्या तशा वाकल्या, पण गारगोटीच्या पहिल्याच घावाला धार मुडपली. त्याही तिन्ही तिनं वाकवून वाकवून मोडल्या आणि ढिगात टाकल्या. आता ढिगात सहा मोडक्या सुऱ्या होत्या आणि ऐरणीवर तीन कोऱ्या. झऱ्याकडून वेलीच्या करकरण्याचा आवाज येत होता.

उरलेल्या तीन साळूनं एकाच आगीत तापवल्या, तिळाच्या तेलात एकापाठोपाठ बुडवल्या, आणि पुन्हा निखाऱ्यावर धरून पात्यावर पिकल्या गव्हाचा रंग चढताच बाजूला काढल्या. तिघींना सारखंच दिलं. श्वाससुद्धा मोजून घेतले. थंड झाल्यावर पाहतात तो त्यांतल्या एकीवर आपोआप लाटा उमटल्या होत्या. पात्यात पाणी वाहताना दिसत होतं, आणि कान लावला तर खळखळही ऐकू येत होती. दुसरी साधी होती. तिसरीच्या मुठीजवळ काळा डाग पडला होता.

साळूच्या मनात आलं, ही लाटांची राखावी आणि बाकीच्या दोन मोडाव्यात. जीव तिच्यावरच जडला होता. तिचं तिलाच भय वाटलं. तिनं तिन्ही सुऱ्या पदराखाली झाकल्या आणि राजाला म्हणाली, "महाराज, डोळे मिटून एक उचला. ती राहील."

राजानं डोळे मिटले, पदराखाली हात घातला आणि उचलली ती काळ्या डागाची. लोकांच्या तोंडून सुस्कारा निघाला. साळूनं लाटांची सुरी गारगोटीवर हाणली.

गारगोटी फुटली, धार राहिली. फटीत पिळली तर ती धनुष्यासारखी वाकली आणि सोडताच सरळ झाली. मग साळूनं तिला दोन दगडांवर आडवी ठेवून घण उचलला. पक्षी ऐकत होता. "गाभ्याची धडक याहून जड आहे," तो म्हणाला. तिनं जोर वाढवला. "आता बरोबर," पक्षी म्हणाला. एकवीस घाव झाले. सुरी शाबूत होती. भानुशंकर धावत पुढे आले आणि म्हणाले, की झाली परीक्षा, हीच घे, थांब आता.

"हिनं मार खाल्ला आहे, पारखीबाबा. आत किती उरली ते हिच्याकडे पाहून कळत नाही. आणि मला हद्द हवी आहे."

तिनं घण चालवत ठेवला. चौतिसाव्या घावाला लाटांची सुरी मोडली. आतली खळखळ थांबली. काही माणसं उघड रडली, साळूही रडली. पण रडत रडत तिनं मोडलेली कड उन्हात धरली, आणि ती कड पिठासारखी बारीक, करडी होती. मग साधी सुरी घेतली. ती गारगोटीत टिकली, पिळून सरळ झाली, आणि तेहतिसाव्या घावाला मोडली.

"पण उरलेलीची परीक्षा झालीच नाही," भानुशंकर हळूच म्हणाले.

"झाली. तिच्या बहिणींनी दिली."

साळू काळ्या डागाची सुरी घेऊन वेलीच्या बुडख्याशी गेली. मागे राजा, त्याच्या मागे सगळं राज्य. पहिला घाव तिनं सालीवर घातला. ठिणग्या उडाल्या, साल चिरली. सुरी तंतूंत शिरली आणि वेलीनं तिला पिळलं. पातं वाकलं, आणखी वाकलं, इतकं वाकलं की मागून कुणीतरी सोड, सोड म्हणून ओरडलं. याच जागी सत्तावीस पाती मोडली होती. पण साळूनं याहून जास्त वाकलेलं पातं सकाळीच पाहिलं होतं. तिनं मूठ सोडली नाही, उलट रेटली. तंतू तटातट तुटले.

मग गाभ्यानं धडक दिली. तिचा खांदा निखळतोय असं वाटलं. ती मोजू लागली. दहाव्या धडकेला, सुरी मोडायची वाट न पाहताच, विळखा तिच्या कमरेशी आला, पंधराव्याला पायांची बोटं लाकडाची झाली. विसाव्याला गुडघे गेले. तिला भीती वाटली नाही असं नाही, खूप वाटली. पण सुरीची नाही वाटली. एकविसावी धडक बसली आणि गाभा थांबला. साळूनं पातं पार केलं.

वेल तुटली. तुटताना आवाज झाला नाही, नुसता एक मोठा श्वास सुटल्यासारखं वाटलं. काळ्या फांद्यांची गंजाची भुकटी झाली, झऱ्यातून पुरुषभर उंच पाणी उसळलं, आणि राज्यातल्या सगळ्या विहिरींनी कुणी हाक न मारताच ओ दिली. सत्तावीस माणसं एकदम जमिनीवर बसली आणि खोकू लागली. साळूच्या गुडघ्यांत रक्त परत आलं. ती रांगतच हैबतीपाशी गेली आणि त्याच्या छातीवर हात ठेवला. तिच्या एका ठोक्याला त्याचा एक.

"अहो, ती सुरी माझ्या पाण्यामुळे मोडली," ती आधी हेच बोलली. "मला तेव्हाच शंका आली होती. मी गप्प बसले."

हैबतीनं तिच्याकडे पाहिलं, मग ऐरणीजवळच्या ढिगाकडे. लोहारच तो, त्याला सांगावं लागलं नाही. राजा जिंकलेली सुरी दोन्ही हातांवर घेऊन त्याच्यापुढे आला, पण हैबती त्या सुरीपाशी थांबला नाही. तो अडखळत ढिगापाशी गेला, खाली बसला आणि आठही सुऱ्यांचे तुकडे एकेक करून उचलले. प्रत्येक तुकडा त्यानं कपाळाला लावला. "मला यांनी सोडवलं," तो म्हणाला.

राजा सुकेतूनं आजोबांचं फर्मान त्याच झऱ्यात बुडवलं. दरबारात रत्नजडित सुऱ्या लावल्या होत्या त्या भिंतीवर ते आठ सुऱ्यांचे तुकडे लागले, आणि ते तिथे लावायचं काम भानुशंकरांनी मागून घेतलं. काळ्या डागाची सुरी साळूनं घरी नेली आणि भाजी चिरायला घेतली.

झरा वाहता झाला, माणसं घरी गेली. ऐकणाऱ्यांनो, तुमच्याही घरचं जे मोडायचं ते पारखतानाच मोडो, आणि वेळेला हाती असेल ते टिको.