पाणवठ्याची वाट

रानात अजून कुऱ्हाड पोहोचली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका उन्हाळ्यात सगळे ओढे आटले आणि एकच पाणवठा उरला. गवे आणि रानडुकरे आधी पिऊन जात, मग ससे, पिसोऱ्या अशा लहानग्यांच्या वाट्याला नुसता चिखल येई. अखेर रानाचा प्रमुख असलेल्या हत्तीने सभेत जाहीर केले, "आजपासून पाण्यावर सगळ्यांचा सारखा हक्क."

लहानगे आनंदाने निघाले. पण वाटेवरच्या करवंदीच्या जाळीत बिबट्या दबा धरून बसला होता. त्याने एक ससा उचलला. मग तिकडे कोणी फिरकेना. पिल्लांच्या जिभा कोरड्या पडू लागल्या.

"हक्क दिला, तरी हे येत नाहीत," हत्ती कुरकुरला.

तेव्हा चिमी नावाची पिसोरी पुढे आली. सशाएवढेच ते हरीण.

"महाराज, पाण्यापर्यंत जिवंत पोहोचलो तर हक्काचा उपयोग. वाट राखणंही तुमचंच काम आहे."

गवे हसले. हत्ती मात्र हसला नाही. तो उठला आणि जाळीला खेटून उभा राहिला. बिबट्या मुकाट्याने निघून गेला. लहानगे बिचकत पाण्याशी आले.

चिमीने पाण्याला तोंड लावले नाही. "आणि उद्या?" तिने विचारले.

हत्तीने गव्यांकडे सोंड वळवली. मग म्हणाला, "उद्या इथे गवे उभे राहतील. परवा रानडुकरे."

गव्यांचे हसू मावळले. चिमीने मान खाली घातली, पण एक कान जाळीकडेच ठेवून ती पाणी प्याली.