कोठीची किल्ली

"तर मग मला कधी ठेवून घेताय, बुवा? आज की आत्ता?"

नारोपंत शेवड्यांना दम म्हणून नव्हता. काल नातवाची मुंज उरकली नि आज उजाडता उजाडता तीन कोस तुडवून स्वारी निरंजनबुवांच्या नदीकाठच्या आश्रमात हजर! वय साठ, पण उत्साह कालच्या बटूचा.

"घर सोडलंत?" बुवांनी विचारलं.

"सोडलं म्हणजे? पाठच फिरवली! आता वानप्रस्थ. सगळा कारभार थोरल्या सुनेच्या, वेणूच्या हवाली. तिच्या आमटीला मीठ कमी असतं, तेवढं सांगून आलो."

बुवांनी घाटाकडे बोट दाखवलं.

"आधी स्नान करा," ते म्हणाले.

घाटाच्या पायरीवर नारोपंतांनी सदरा काढला. जानव्याला बांधलेली कोठीची किल्ली पोटावर डुलली.

बुवांनी पाहिलं. नारोपंतांनीही पाहिलं. अरे देवा! चाळीस वर्षं ती तिथंच होती, अंगाचाच भाग झालेली. आता बुवा आल्या पावली परत पाठवतील, या धास्तीनं त्यांना घाम फुटला.

त्यांनी घाईघाईनं गाठ सोडली.

"ही बघा बुवा, हीसुद्धा सोडली!"

आणि किल्ली नदीत भिरकावली. डुबुक! काय मोकळं वाटलं म्हणून सांगू! आता बुवांची नाही म्हणायची बिशाद नव्हती.

"कोठीत काय असतं?" बुवांनी विचारलं.

"तांदूळ, डाळ, गूळ, तूप… सगळंच."

"आणि घरी आज पानं किती?"

"मुंजीचे पाहुणे आहेत अजून. असतील तीसेक…"

नारोपंतांचा हात रिकाम्या जानव्याकडे गेला.

तोवर ऐंशी वर्षांच्या बुवांनी कफनीसकट पाण्यात उडी घेतली होती.

"बुवा! अहो बुवा! मेलो रे देवा!"

एक बुडी. दुसरी बुडी. नारोपंत काठावर नुसते नाचत होते. तिसऱ्या बुडीला बुवांचं डोकं वर आलं. हातात किल्ली, आणि चेहऱ्यावर पोरासारखं हसू.

"पळा!" बुवा धापा टाकत म्हणाले. "वेणूच्या हातात द्या."

नारोपंतांनी किल्ली घेतली, पण पाय निघेना. डोळे भरून आले.

"आणि माझं वानप्रस्थ, बुवा?"

बुवा कफनी पिळत होते…

"महिनाभर तिच्या हातची आमटी खा. मीठ मागू नका. मग येऊन मला सांगा, वन कुठं लागलं ते."