स्ट्रिंग की हायब्रिड

“पण आप्पा, डोक्यावर लख्ख ऊन असताना तो बंद का पडावा?”

“कोण?”

“स्ट्रिंग इन्व्हर्टर. छपरावर सौर पॅनल आहेत, पॅनलवर ऊन आहे. बाहेरची वीज गेली की हा मात्र बंद. घरात अंधार. हे तर्काला धरून आहे का?”

आप्पांनी हातातली शेंग फोडली. दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला.

“वीज गेलेली असते तेव्हा खांबावर कुणीतरी माणूस चढलेला असतो,” ते म्हणाले. “तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत शिरली तर तो जाईल. म्हणून हा गप्प बसतो.”

“हो, ते मी वाचलं आहे.”

“मग विचारलंत कशाला?”

“...आपल्या तोंडून ऐकायचं होतं.”

“ऐकलं?”

“ऐकलं.”

“मग शेंगा फोडा.”

विचारणारे होते डॉ. केशव उपळेकर, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वय चौऱ्याहत्तर. आप्पा त्यांच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. एकतीस वर्षं त्यांनी लाइनमन म्हणून खांब चढण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यावर कुरवलीच्या माळावरच्या भैरोबाच्या देवळात येऊन राहिले. धोतरावर अजून खाकी शर्टच घालत. पंचक्रोशीतली माणसं त्यांच्याकडे मुलीचं स्थळ, बांधाचं भांडण, मनाची तगमग, काहीही घेऊन येत. इन्व्हर्टर घेऊन आलेले उपळेकर पहिलेच.

सोबत त्यांच्या पत्नी नलिनीबाई होत्या. त्या आल्या आल्या सुपाजवळ बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे टरफलांचा ढीग झाला होता.

प्राध्यापकांनी शेंगा घेतल्या. एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी असे तीन वाटे केले. फोडली एकही नव्हती.

आप्पांनी ते पाहिलं. 

“अकरा महिने झाले, आप्पा. स्ट्रिंग स्वस्त, साधा, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नाही. पण वीज गेली की तोही गेला. हायब्रिडला बॅटरी असते. वीज गेली की तो बाहेरच्या तारेपासून घर तोडतो आणि बॅटरीवर चालवतो. पण महाग. शिवाय दहा वर्षांनी बॅटरी बदला. मी दोन्हींचं गणित एकोणीस वेळा मांडलं. दहा वेळा स्ट्रिंग आला, नऊ वेळा हायब्रिड.”

“मग स्ट्रिंग घ्या.”

“फरक फार थोडा आहे, आप्पा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.”

नलिनीबाई शेंग फोडता फोडता म्हणाल्या, “हे बत्तीस वर्षं कॉलेजात निर्णय कसा घ्यायचा ते शिकवत होते.”

“व्हय?”

“त्याचं शास्त्र आहे,” प्राध्यापक खालच्या आवाजात म्हणाले.

“म्हणजे पोहायला शिकवलंत,” आप्पा म्हणाले. “काठावरून.”

नलिनीबाईंना हसू आवरेना. प्राध्यापकही हसले, पण ते पूर्ण व्हायच्या आत त्यांनी घड्याळ पाहिलं.

“पाच वाजेपर्यंत त्या शिंगाडेला सांगायचं आहे. तोच बसवणार आहे. म्हणतो, सर, आज सांगितलं नाहीत तर तुमचा माल दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाईल आणि तुमचा नंबर दिवाळीनंतर. चौथ्यांदा मुदत दिली त्यानं.” ते थोडे पुढे सरकले. “आप्पा, आपल्या देवळावर स्ट्रिंग आहे. म्हणजे आपलं मत स्ट्रिंगला, असं समजू का?”

“भक्तांनी दिला, बसवला. हायब्रिड दिला असता तर तो बसवला असता.”

“म्हणजे दोन्हींत फरक नाही?”

“आहे की. वीज गेली की हा बंद पडतो.”

“मग आपण काय करता?”

“मी बंद पडत नाही.”

प्राध्यापक विचारात पडले. याचा अर्थ स्ट्रिंगकडे झुकतो की हायब्रिडकडे, हे त्यांना ठरवता येईना.

...

पावणेतीनला डोक्यावरचा पंखा मंदावला, दोन गिरक्या कशाबशा पुऱ्या केल्या आणि थांबला. कोपऱ्यातल्या भिंतीवरच्या इन्व्हर्टरचा हिरवा दिवा विझला. बाहेर माळावर ऊन नुसतं सांडत होतं.

“बघा,” प्राध्यापक म्हणाले. त्यांनी शबनममधून जाड वही काढली, घड्याळ पाहून एक ओळ लिहिली.

“काय लिहिलंत?”

“दोन पंचेचाळीस. आल्यावर ती वेळ लिहीन. इथली नोंद खरं तर धरता येणार नाही, पण सवय.” त्यांनी वही पुढे केली. “आमच्या घरची वीज कधी गेली, कधी आली, तीन वर्षांचं सगळं यात आहे. तीनशे शहाऐंशी वेळा गेली. सरासरी सदतीस मिनिटं.”

आप्पांनी वही घेतली नाही.

“वाचा एखादी.”

“कुठली?”

“कुठलीही.”

प्राध्यापकांना कुठलीही निवडणं अवघड गेलं. शेवटी डोळे मिटून त्यांनी पान उघडलं.

“तेवीस मार्च. दुपारी चार दहा ते चार बावन्न. बेचाळीस मिनिटं.”

“त्यात काय झालं?”

“वीज नव्हती.”

“ते कळलं. झालं काय?”

“...तो रकाना नाही.”

“कैरी किसलीत तुम्ही,” नलिनीबाई म्हणाल्या.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे हात चालूच होते.

“जन्मात पहिल्यांदा. कॉम्प्युटर बंद पडला म्हणून बाहेर आलात आणि माझ्या हातातली किसणी घेतलीत. बोट किसून घेतलंत. वर मला म्हणालात, आता मीठ जरा कमी घाल.”

आप्पांच्या खाकी शर्टाच्या आत पोट हलू लागलं.

“दुसरी वाचा.”

“नऊ जून. सकाळी अकरा ते अकरा वीस.”

“शेजारच्या जगदाळ्यांची म्हैस अंगणात शिरली. यांनी तिला इंग्रजीत हाकललं.”

“ती गेली होती,” प्राध्यापक म्हणाले.

“ती बसली होती. जगदाळे येऊन घेऊन गेले.”

आता आप्पा उघड हसत होते. प्राध्यापकांनाही गंमत वाटू लागली. त्यांनी भराभर पानं उलटली. तारीख वाचावी आणि नलिनीबाईंनी ती डबा उघडावा तशी उघडावी. एका अठरा मिनिटांत दोघांनी मिळून गच्चीवर वाळत घातलेले पापड वावटळीमागे धावून गोळा केले होते. एका पंचवीस मिनिटांत प्राध्यापकांनी जुन्या लावणीचं कडवं म्हटलं होतं आणि कुंपणापलीकडून जगदाळेवहिनींनी पुढचं. तेरा मिनिटांची एक नोंद होती, तिच्यात दोघं पायरीवर नुसती बसली होती.

“नुसती?” आप्पांनी विचारलं.

“नुसती,” नलिनीबाई म्हणाल्या. “छान बसलो होतो.”

प्राध्यापक वहीकडे अशा नजरेनं पाहत होते, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावी.

“ही एक मोठी आहे,” ते म्हणाले. “सतरा ऑगस्ट. संध्याकाळी सहा ते सात पाच.”

नलिनीबाईंचे हात थांबले.

...

“त्या दिवशी तुम्ही मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेचं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “एकेचाळीस वर्षांनी. मी परीक्षेच्या दिवशी घरी शिरा करून वाट बघत होते. तुम्ही पेढे घेऊन आलात. मला वाटलं, ताठ गेलात आणि पदवी घेऊन आलात. तुम्ही सांगितलंत, तसं नाही, मी आधी दोन तास बसथांब्यावर बसून होतो. पाय उचलत नव्हते. वाटत होतं, आत गेलो की सगळ्यांना कळेल, याला काही येत नाही.”

प्राध्यापकांनी मान खाली घातली.

“मग?” आप्पांनी विचारलं.

“मग वीज आली.”

“आणि?”

“वाक्य अर्धं टाकून हे उठले. वहीत वेळ लिहिली, आत गेले. मी थोडा वेळ बसून राहिले पायरीवर. पुढे काय झालं ते मला अजून ठाऊक नाही.”

“विचारलं नाहीत?”

“वीज असताना यांना काय विचारायचं?” त्या साधेपणानं म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. “पुढच्या खेपेला वीज गेली तेव्हा घरात पाहुणे होते. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा म्हैस.”

 बाहेर कुठेतरी टिटवी ओरडली.

प्राध्यापकांनी वही मिटली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

“ठरलं, आप्पा,” ते म्हणाले. “मला कळलं. स्ट्रिंग. वीज जाऊ दे. जाईल तेव्हा मी बाहेर येईन, हिच्याजवळ बसेन.”

आणि त्यांनी आप्पांकडे पाहिलं. चांगला विद्यार्थी उत्तर देऊन पाहतो तसं.

आप्पांनी एक शेंग घेतली. फोडली. दाणे सुपात, टरफल बाजूला.

“अहो,” नलिनीबाई म्हणाल्या.

“काय?”

“म्हणजे मी तुमच्याशी बोलायचं, तर त्यासाठी कुणीतरी खांबावर चढायला हवं?”

 

आप्पा आधी नुसते हलले. मग त्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला, आणि मग ते इतके हसले की त्यांना सूप बाजूला ठेवावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी खाकी बाहीला पुसलं आणि पुन्हा हसू लागले.

“एकतीस वर्षं चढलो ताई,” ते कसेबसे म्हणाले. “आता गुडघे गेले.”

“मला हायब्रिड हवा,” नलिनीबाई म्हणाल्या. “चटणी अर्धी वाटून मिक्सर थांबलेला मला मुळीच आवडत नाही. अकरा महिने झाले, मला कुणी विचारलंच नाही.”

“विचारलं नाही?” प्राध्यापक दचकले.

“नाही.”

“एकोणीस वेळा गणित मांडलं...”

“तेव्हाही नाही.”

 प्राध्यापकांची जुनी शंका वर आलीच. “पण नलू, बॅटरी. दहा वर्षांनी ती बदलावी लागेल.”

“दहा वर्षांनी तुम्ही चौऱ्याऐंशीचे. तेव्हा बॅटरी तुमची काळजी करेल.”

त्यांनी पतीच्या झब्ब्याच्या खिशातून फोन काढून त्यांच्या हातात दिला. प्राध्यापकांनी नंबर लावला.

“शिंगाडे, हायब्रिड.”

 पलीकडून सावध आवाज. “सर, नक्की?”

“नक्की.”

“मागच्या वेळीपण नक्की म्हणाला होतात, सर.”

“तेव्हा मी एकटा म्हणालो होतो.”

“परत फोन नाही ना येणार, सर?”

प्राध्यापकांनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांनी छपराकडे पाहिलं.

“...बहुधा नाही,” प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी फोन बंद करून जमिनीवर पालथा ठेवला.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्यापुढचे शेंगांचे तीन वाटे तसेच पडलेत. त्यांनी तिन्ही एकत्र केले आणि हाताला येईल ती शेंग उचलून फोडली. एक दाणा उडून आप्पांच्या मांडीवर पडला. आप्पांनी तो खाल्ला.

“पुढे काय झालं?” नलिनीबाईंनी विचारलं.

“कुठे?”

“बसथांब्यावर.”

“अगं, ते काय एवढं...” ते थांबले. तिच्याकडे पाहिलं. ती खरोखरच वाट पाहत होती.

“परीक्षा अकराला होती,” ते म्हणाले. “पावणेअकराला समोर बस येऊन उभी राहिली. आपल्या गावाची. मी चढलो.”

“चढलात?”

“चढलो. तिकीटही काढलं. म्हटलं, तुला सांगेन, परीक्षा पुढे गेली. गाडी चौकापर्यंत पोचलीसुद्धा.”

“अरे देवा,” आप्पा म्हणाले. त्यांचेही हात थांबले होते.

“कंडक्टर पुढं गेला होता, तो परत माझ्यापाशी आला. माझ्या मांडीवर प्रबंध होता, काळ्या बांधणीचा, एवढा जाड. त्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. घंटीच्या दोरीला हात घातला आणि मला म्हणाला...”

डोक्यावर खट् झालं. पंखा हलला, एक गिरकी, दुसरी, आणि वेग घेऊ लागला. सुपाभोवतीची हलकी टरफलं उडून सगळ्या सभामंडपात पसरली.

प्राध्यापकांचं वाक्य तुटलं. नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली, हात जमिनीवर टेकला आणि ते अर्धे उठलेही.

नलिनीबाईंचे हात पुन्हा शेंगांकडे वळले.

आप्पांनी उडून आलेलं एक टरफल आपल्या भुवईवरून काढलं.

“बसा, सर,” ते म्हणाले. “वीज अजून आली नाही.”