टिटवीला आलेली हाक

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. वाळूत एक टिटवी अंडी उबवत बसली होती. खुट्ट झालं की ओरडत उडायचं, ही टिटव्यांची जन्मजात खोड. एका सकाळी दाट धुक्यातून तिच्या टिटव्याचा आवाज आला, "ऊठ गं, कोल्हा आला!"

तिचे पंख आपोआप उघडले. पण कोल्हा दिसला की तिचा टिटवा आकाश डोक्यावर घ्यायचा. हा तर कुजबुजत होता. पोटाखालच्या उबेवर मन घट्ट धरून ती बसून राहिली. हाका मारत कुणीतरी तिच्याभोवती फिरत राहिलं.

धुकं विरल्यावर टिटवा पैलतीरावरून उडत आला.

"हाका कशाला मारत होतास रे?"

"मी? मी नाही मारल्या."

"उद्या परत मारीन," दगडामागून त्याच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.